विंग्ज घेऊन लातूरला

कोंबडीला पंख असतात, हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळलं.

म्हणजे असतात हे माहीत होतं, पण ते खायचे असतात हे माहीत नव्हतं. आमच्या घरी कोंबडी म्हणजे रस्सा, आणि रश्श्यातून जे हाताला लागेल ते आपलं. कुठला भाग कुठला, याची चौकशी आम्ही कधी केली नाही. ही चौकशी मला करावी लागली ती माझ्या मुलीमुळे.

लोह्याला माझं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मुलगी शिवानी हुशार निघाली, त्यामुळे दहावीनंतर तिला मेडिकलच्या क्लाससाठी लातूरला ठेवलं. पोरगी एकटी कशी राहील, म्हणून तिची आई, म्हणजे माझी बायको रेखा, तिच्यासोबत गेली. लातुरात अशा खोल्याच खोल्या आहेत. एका खोलीत एक आई, एक लेकरू आणि एक गॅसची शेगडी. आणि त्या प्रत्येक खोलीमागं कुठल्या तरी गावात माझ्यासारखा एक बाप सुटा पडलेला असतो.

एकट्या माणसाचा स्वयंपाक हा मोठा अवघड प्रकार आहे. आमचा कुकर पाच लिटरचा. त्यात एका माणसाचा भात टाकला की तो तळाशी कुठं बसलाय ते बॅटरी लावून बघावं लागतं. कुकरची शिट्टी झाली की मी "आलो, आलो" म्हणायचो. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा माझं मलाच हसू आलं. नंतर सवय लागली.

रोज संध्याकाळी साडेआठला फोन, पाच मिनिटं. रेखा विचारायची, "जेवलात का?" मी "जेवलो" म्हणायचो. मी विचारायचो, "अभ्यास?" तर शिवानी "हं" म्हणायची. त्या एका "हं"वर माझा पुढचा सगळा दिवस जायचा.

एका गुरुवारी "हं"सुद्धा आलं नाही. रेखा फोन घेऊन बाहेर गॅलरीत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "दोन दिवस झाले, नीट जेवली न्हाई. टेस्ट बिघडलीय बहुतेक. विचारलं तर बोलतच न्हाई."

"काय खावं वाटतंय ते तरी विचार की."

"विचारलं. स्पायसी चिकन विंग्ज म्हणली. मैत्रिणीच्या वाढदिवसाला कुठं तरी खाल्ले होते म्हणे. मी म्हटलं, ते काय असतं? तर म्हणली, जाऊ दे."

"मी करून आणतो रविवारी."



"तुम्ही?"

"हाव."

"तुम्हाला चहा येत न्हाई."

"चहा येतो."

"पत्ती टाकून उकळलेलं पाणी येतं. आणि हितं काही चालत न्हाई, ध्यानात हाय ना?"

ध्यानात होतं. खोलीची मालकीण शिवानीला जीव लावणारी बाई, पण शाकाहारी. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अंडंसुद्धा नाही. शिवानीच्या वाढदिवसाचा केक तिनं फाटकातच थांबवला होता आणि चष्मा लावून त्याच्या खोक्यावरचं सगळं वाचून मगच आत सोडला होता. पण मी बोलून बसलो होतो. घरात आपलं ऐकायला कोणी नसलं की बोललेलं मागं घेता येत नाही.

रविवारी सकाळी सातला मी सलीमभाईच्या दुकानात हजर. सलीमभाई माझा जुना दोस्त. त्याचा कोंबड्यांचा धंदा आणि माझं दुकान एकाच रस्त्यावर.

"विंग्ज पाहिजेत," मी म्हणालो.

"कायचे?"

"कोंबडीचे."

"कोंबडी हाय की. किती किलो?"

"कोंबडी न्हाई. नुसते पंख."

सलीमभाईनं सुरी खाली ठेवली. "भाऊ, तबियत बरी हाय ना? पंख कोन खातंय?"

"लातूरला खातेत."

"हां," तो म्हणाला. "लातूरचे लोक लई शिकले. त्याच्यानं असंल. किती देऊ?"

"दोन डझन."

"म्हंजे बारा कोंबड्या कापाव्या लागतेल. आन् बिनपंखाच्या बारा कोंबड्या मी काय पायी घरी धाडू?"

शेवटी असं ठरलं की मी बाकावर बसायचं आणि येईल त्या गिऱ्हाइकाच्या कोंबडीचे पंख सलीमभाईनं माझ्या पिशवीत टाकायचे. रविवार असल्यामुळे गिऱ्हाइकांची ददात नव्हती. पहिलाच माणूस म्हणाला, "ओ, पंख कुठं चालले?" सलीमभाई सुरीनं माझ्याकडं दाखवून म्हणाला, "भाऊला पाहिजेत." तो माणूस माझ्याकडं बघत राहिला. दुसऱ्यानं बघितलं, तिसऱ्यानं बघितलं. चौथा हळूच म्हणाला, "घरी कोन न्हाई वाटतं." त्यावर पाचव्यानं, एखाद्याचा आजार सांगावा तशा आवाजात, त्याच्या कानाशी सांगितलं, "बायकू लातूरला असती."

मी पेपर वाचत असल्यासारखं केलं. पेपर दोन दिवसांपूर्वीचा होता आणि त्यात अर्धी कलेजी गुंडाळलेली होती.

साडेआठपर्यंत बारा कोंबड्या झाल्या आणि लोह्यातल्या बारा घरांत, मी बायकोवाचून कोंबडीचे पंख खाऊन दिवस काढतोय ही बातमी पोचली.

घरी येऊन मोबाइलवर रेसिपी लावली. त्यातला पोरगा पांढरा शर्ट घालून स्वयंपाक करत होता, तिथंच मला शंका यायला पाहिजे होती. तो म्हणाला, विंग्जची कातडी काढायची नाही. एवढं मी आदल्या रात्रीच बघितलं होतं आणि सलीमभाईला तसं सांगितलं होतं. त्यामुळे कातडीसोबत तिच्यात रुतलेली बारीक पिसंही माझ्याकडं आली होती. ती नखांनी निघेनात. शेवटी दुकानातून निमुळत्या तोंडाची पक्कड आणली (धुऊन घेतली, दोनदा) आणि एकेक पीस उपटत बसलो. ट्रॅक्टरच्या गंजून बसलेल्या पिना उपसण्यात माझं आयुष्य गेलंय. पण इतका हट्टी माल मी आजवर पाहिला नव्हता.

पुढं तो पोरगा म्हणाला, आता यात हॉट सॉस घाला. आमच्या घरात सॉस नव्हता. मी रेखाला फोन लावला. ती कुजबुजत म्हणाली, "मालकीण बसल्यात समोर. लाल झाकणाच्या बरणीतलं तिखट घ्या. दोन चमचे." आणि फोन ठेवला.

फळीवर लाल झाकणाच्या दोन बरण्या होत्या.

परत फोन केला, तर तिनं उचलला नाही. मग मी व्यापारी माणसानं काढावा तसा तोडगा काढला. दोन्ही बरण्यांतलं दोन-दोन चमचे घेतलं. त्यातली एक बरणी रेखाच्या आईनं बिलोलीहून पाठवलेल्या तिखटाची होती. त्या भागात मिरची तेलंगणातून येते, आणि त्या तिखटाची चिमूट घरातल्या पाच माणसांना पुरते, हे मला फार उशिरा कळलं.

तेल तापलं आणि मी पहिले सहा पंख सोडले. त्यानंतर घरात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मला दिसत नव्हतं. नाकातून, डोळ्यांतून, कानांतूनसुद्धा काहीतरी निघत होतं. मी खोकत खोकत मागचं दार उघडलं, तर ठसका माझ्याआधी भिंत ओलांडून शेजारी पोचला होता. शेजारच्या गंगाक्का पदर तोंडाला लावून भिंतीपलीकडून ओरडल्या, "बालाजीराव, काय जाळून राहिले ओ?"

"विंग्ज," मी खोकल्याच्या मधून म्हणालो.

"इंजन? घरात इंजन जाळून राहिले?"

"विंग्ज, अक्का. कोंबडीचे."

"कोंबडीला कुठलं इंजन," असं म्हणत त्या खोकत आत गेल्या. आमच्याकडच्या दारू न पिणाऱ्या मोजक्या माणसांत माझं नाव होतं. त्या दिवशी ते निघालं असावं.

सगळे पंख तळून झाले. मी एक चाखून बघितला. काहीच लागलं नाही. मला वाटलं, फिका झाला. (जीभ, घसा, नाक सगळं बधिर झालंय, हे माझ्या लक्षात आलं नाही.) म्हणून वरून आणखी एक चमचा भुरभुरला, स्टीलच्या डब्यात भरलं आणि दहाची गाडी पकडली.

गाडीत माझ्या शेजारी पांढरंस्वच्छ धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. माळाकोळी यायच्या आतच त्यांनी दोनदा नाक वर करून वास घेतला.

"काय हाय डब्यात?"

"भाजी."

"कशाची?"

"दोडक्याची."

"दोडका असा वास मारत न्हाई," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. दहा मिनिटांनी त्यांनी स्वतःच्या मांडीकडं बघितलं. धोतरावर रुपयाएवढा लाल डाग पडला होता. माझा डबा कलला होता. मी रुमाल काढला, माफी मागितली, पुसायला गेलो, तर डाग पुरीएवढा झाला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. मग जरा थांबून, "लातूरला पोरगी हाय का पोरगं?"

"पोरगी. तुम्हाला कसं कळलं?"

"रविवारच्या गाडीला डबा घेऊन कोन जातंय दुसरं? माझा नातू हाय तितं." त्यांनी पायाशी ठेवलेल्या पिशवीतून आपला डबा काढून दाखवला. धपाटे होते. मग अहमदपूर, चाकूर असं करत आम्ही दोघं आपापले डबे दोन्ही हातांनी सरळ धरून लातूरपर्यंत गेलो.

ठरलं असं होतं की मी गल्लीच्या टोकाला थांबायचं आणि रेखानं शिवानीला घेऊन बाहेर यायचं. पण मालकीणबाई ओसरीवर भाजी निवडत बसल्या होत्या आणि त्यांची नजर चांगली होती.

"शिवानीचे बाबा ना? असे बाहेर का उभे? या, चहा घ्या."

नाही म्हणायला कारण सुचेना. मी आत गेलो. रेखानं माझ्या हातातल्या डब्याकडं बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"डब्यात काय आणलंत?" मालकीणबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत रेखा म्हणाली, "ट्रॅक्टरचे पार्ट हायेत. इथल्या एका गिऱ्हाइकाला द्यायचेत."

"स्टीलच्या डब्यात?"

"ऑइल लावलेले असतात ना," मी म्हणालो.

तेवढ्यात त्यांच्या पांढऱ्या फरशीवर डब्यातून टप्पकन एक थेंब पडला. आम्ही तिघांनीही तो बघितला.

"ऑइल लाल असतं?"

"हायड्रॉलिकचं असतं," मी म्हणालो. आणि हे मात्र खोटं नव्हतं. काही ऑइल लाल असतंच. मालकीणबाईंनी मान हलवली आणि बिचारीनं उठून डब्याखाली वर्तमानपत्र घातलं. मला त्या क्षणी फार लाज वाटली.

मागच्या दारात शिवानी उभी होती. महिन्याभरात गालाची हाडं वर आली होती, केस कसेतरी बांधलेले. तिनं डब्याकडं बघितलं, माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडं बघितलं.

"कुठले पार्ट आणले, बाबा?"

"बाजूचे," मी म्हणालो. "दोन्ही बाजूंचे."

तिचा ओठ जरासा हलला. मी एवढ्या लांबून आलो होतो, त्यातलं निम्मं तिथंच वसूल झालं.

गिऱ्हाइकाला बसस्टँडवर गाठायचंय, असं सांगून आम्ही तिघं निघालो. लातुरात बाहेर बसून खायला आम्हाला दुसरी जागा माहीत नव्हती, त्यामुळे खरंच बसस्टँडवरच गेलो. फलाटाच्या टोकाला एक रिकामा बाक होता. मी डबा उघडला. शिवानीनं एक विंग उचलला, रेखानं एक उचलला, मी एक उचलला.

पहिल्यांदा रेखा गेली. म्हणजे तिचा आवाज गेला. ती नुसती हात हलवायला लागली. मग माझ्या कानांत शिट्टी वाजायला लागली. शिवानीच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, पण तिनं विंग खाली ठेवला नाही. बाटलीतलं पाणी तिघांत संपलं. आम्ही तिघं एका ओळीत बसून, नाकं पुसत, घळाघळा रडत होतो.

शेजारच्या बाकावर गाठोडं घेऊन एक बाई बसली होती. ती उठून आली आणि रेखाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "कोन गेलं गं माय?"

रेखाला बोलता येत नव्हतं. तिनं डब्याकडं बोट करायला हात उचलला. बाईला ते वर केल्यासारखं वाटलं असावं. "देवाघरी गेलं," ती म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "वय काय होतं ओ?"

माझं डोकं चालत नव्हतं. मला वाटलं, ती डब्यातल्या मालाबद्दल विचारतेय. (ब्रॉयलर किती दिवसांचा असतो, हे सलीमभाईनं सकाळीच सांगितलं होतं.)

"सव्वा महिन्याचं," मी म्हणालो.

ती बाई मटकन खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावून आमच्यापेक्षा मोठ्यानं रडायला लागली.

शिवानीच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. ती हसत होती. तोंडावर हात दाबून, पुढं वाकून, खांदे हलवून हसत होती. महिना-दीड महिन्यात मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. मी रेखाकडं बघितलं. पण बघता बघता खांद्यांचं हलणं बदललं. ती आता हसत नव्हती. तिखटाचं रडणं वेगळं दिसतं आणि खरं रडणं वेगळं, एवढं बापाला कळतं.

रेखा पुढं सरकली. मी डोळ्यांनीच तिला थांबवलं. बसमागून बस लागत होती, लोक चढत-उतरत होते. पोरगी रडत राहिली. तिखट होतं म्हणून तिला कोणी काही विचारलं नाही, आणि म्हणून तिला रडता आलं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "दोन टेस्ट गेल्या, बाबा. दोन्ही."

"बरं."

"किती मिळाले विचारू नका."

"न्हाई विचारत."

  बाकीचे बाप अशा वेळी काही तरी चांगलं बोलत असतील. मी म्हणालो, "विंग्ज कसे झालेत?"

तिनं नाक पुसलं. "माझ्या टेस्टपेक्षा वाईट झालेत, बाबा."

आणि तिनं आणखी एक उचलला.

त्या बाईला खरा प्रकार सांगणं भाग होतं. रेखाचा आवाज परत आल्यावर तिनं तो सांगितला. बाई जरा वेळ रागानं बघत राहिली, मग डब्यात डोकावली. आम्ही नको नको म्हणत असताना तिनं एक विंग उचलला आणि आरामात चघळत खाल्ला. ना ठसका, ना डोळ्यांत पाणी. हाड बाजूला ठेवून म्हणाली, "मसाला बरा हाय. मीठ टाकलं न्हाई व्हय?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं. टाकलं नव्हतं.

तिची निलंग्याची गाडी लागली. जाताना तिनं शिवानीच्या डोक्यावरून हात फिरवला. "बापाला सयपाक शिकव गं बाई," म्हणाली आणि गाठोडं घेऊन चढली.

चोवीसपैकी बावीस विंग्ज शिवानीनं आणि आम्ही मिळून संपवले. शिवानी मधे मधे बोलत होती. कुठला धडा जड जातो, कुठली मैत्रीण सोडून गेली, खोलीत संध्याकाळी कसं वाटतं. मी म्हणालो, "लोह्यातपन तसंच वाटतं."  हे मी पाच मिनिटांच्या फोनवर कधी बोललो नव्हतो.

पाचची गाडी लागली. मी रिकामा डबा रेखाच्या पिशवीत सरकवला.

"डबा नेत न्हाई?"

"असू दे. पुढच्या रविवारी आलो की नेईन."

"एका डब्यासाठी लातूरला येणार?"

"चांगला डबा हाय तो," मी म्हणालो आणि गाडीत चढलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडून बसलो होतो. साडेअकराच्या सुमारास लातूरहून आलेल्या ओळखीच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि खिडकीतून एक पिशवी माझ्या हातात दिली. आत डबा होता. घासलेला, पुसलेला, चकचकीत. उघडून बघितला. काही नव्हतं आत. नीट बघितलं तरी नव्हतं.

तेवढ्यात रेखाचा फोन आला. "मिळाला का डबा? म्हटलं, तुम्हाला उगं एवढ्यासाठी हेलपाटा नको."

"मिळाला," मी म्हणालो. "पण झाकण तिकडंच राहिलंय बहुतेक."

झाकण माझ्या दुसऱ्या हातात होतं.